जिप्सी खाचरातून निघाली, त्यापुढचे चार आठवडे : प्रकल्प नोंदी

१२ जुलै २०२५, शनिवार. मामाचं शेत, टोकावड्याच्या अलीकडे

माझी मारुती जिप्सी ११ वाजून १० मिनिटांनी भाताच्या खाचरात अडकली, पावणेदोनला निघाली. अडकली कशी ते आधी लिहून ठेवते, कारण पुढची सगळी कामं त्या पहिल्या दहा मिनिटांनी लावलेली आहेत.

मामाकडे आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू आहे. राब, म्हणजे रोपं तयार करायची जागा, वर रस्त्याला लागून आणि शेवटची दोन खाचरं खाली ओहोळाच्या अंगाला. रोपांच्या जुड्या डोक्यावरून न्यायच्या तर बायकांच्या वीस-पंचवीस खेपा झाल्या असत्या. मी खारेगावहून जवळपास ७० किलोमीटर चालवत नुकतीच पोचले होते. चहा नंतर घेऊ म्हटलं, मागे जुड्या भरल्या आणि बांधालगतच्या गाडीवाटेने तशीच खाली उतरले. पहिली खेप नीट झाली. दुसऱ्या खेपेला समोरून पॉवर टिलर आला. त्याला वाट द्यायला मी डावीकडे घेतलं आणि बांधाची कड ढासळली. डावीकडची दोन्ही चाकं खाचरात, उजवीकडची दोन्ही वाटेवरच्या ओल्या गवतावर.

फोर व्हीलची लो टाकली, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा सर्वांत सावकाश गिअर. गाडी जागची हलेना. मागचं डावं चाक तेवढं चिखल उडवत गरागरा फिरत होतं. मी आणखी रेस केली. मामा बांधावरून ओरडला, "पोरी, रेस नको करू! तळ फुटंल खाचराचा!" तो काय म्हणतोय याकडे माझं लक्ष नव्हतं, पण आवाज ऐकून इंजिन बंद केलं.

मामेभाऊ, म्हणजे दादा, समोर उभा राहून बघत होता. म्हणाला, "अगं, पुढची चाकं फिरतच नाहीयेत." हब! जिप्सीच्या पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे लॉकिंग हब असतात. ते 'फ्री'वर राहिले तर आतून लिव्हर कुठेही टाका, पुढच्या चाकांपर्यंत जोर पोचत नाही. डांबर सोडताना खाली उतरून दोन्ही हब लॉक करायचे, हे मला सहा वर्षांपासून ठाऊक आहे. आज उतरले नाही. आता डावा हब चिखलाखाली होता.

मामाने पहार चिखलात उभी सोडली. पोटरीएवढी आत गेली आणि टणक लागली. "खाली तळ हाय. गाडी आणखी बुडायची नाय." खाचरात वर्षानुवर्षं चिखलणी होते. वरचा वीतभर थर लोण्यासारखा मऊ होतो आणि त्याखाली दाबून दाबून मातीचा घट्ट थर बसतो. पाणी त्याच थरावर उभं राहतं, म्हणून तिथे भात होतो. म्हणजे चाकांना टेकायला जागा होती. मग गाडी हलत का नव्हती?

कोपरापर्यंत हात घालून खालून चाचपलं. मागच्या ॲक्सलचं हाऊसिंग, म्हणजे दोन चाकांमधल्या दांड्याचं लोखंडी कवच, बांधावर बसलं होतं. गाडीचं मागचं वजन बांधाने उचलून धरलेलं आणि डावं चाक चिखलात नुसतं लोंबत होतं. चाकावर भारच नाही तर ते पकडणार कशाला? इथे इंजिनाचा जोर वाढवून काही होणार नव्हतं. ट्रॅक्टर लावला असता तर हाऊसिंग मातीतून खरवडत आलं असतं. गाडीचं पोट मोकळं करणं हे पहिलं काम, दोर नंतर.

दादाने फावडं घेतलं, मी कुदळ. हाऊसिंगच्या खालची आणि पुढची माती काढायला चाळीस मिनिटं लागली. मामा बघत होता तो बांधाकडे. मी म्हटलं, बांध मी परत घालून देईन. तो काही बोलला नाही.

मग जॅक. चिखलात जॅक उभा केला की गाडी वर यायच्या ऐवजी जॅक खाली जातो. म्हणून खाली सागाची जाड फळी, फळीवर जॅक. मागचं डावं चाक वीतभर उचललं, खालचा खड्डा दगडांनी भरला आणि वर कारवीच्या काठ्या आडव्या टाकल्या. मामीने गोठ्याचा जुना कूड मोडून ठेवला होता, त्यातल्याच. कारवी वजनाने वाकते, चटकन मोडत नाही, आणि तिच्या पेरांवर टायरला धरायला मिळतं. जॅकवर असलेल्या गाडीखाली अंग घालायचं नाही, हात घालायचा तोही काठीने काम होत नसेल तरच. दादाला हे दोनदा सांगावं लागलं.

डाव्या हबच्या खाचेत चिखल घट्ट बसला होता. दात घासायच्या ब्रशने आणि पाण्याने तो काढला, पकडीवर फडकं गुंडाळून खटका फिरवला. 'लॉक'. उजवाही लॉक. चारही चाकांची हवा २४ वरून १४ पाऊंडांवर आणली. हवा कमी केली की टायर लांबट होऊन बसतो आणि जमिनीला जास्त टेकतो.

शेजारच्या शेतातले काका ट्रॅक्टर घेऊन आले. त्यांनी साखळी काढली आणि थेट हाऊसिंगला गुंडाळायला लागले. मी आडवी गेले. हाऊसिंगच्या अंगावरून ब्रेकची पाइप जाते, पेन्सिलपेक्षा बारीक. साखळी तिच्यावर आवळली की गाडी निघेल आणि पुढच्या उतारावर ब्रेक लागणार नाही. बंपरलाही नको, तो ओढायला केलेलाच नसतो. चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बोल्ट केलेला मागचा हुक आहे, त्याला शॅकल (पिनने बंद होणारी लोखंडी कडी) आणि शॅकलला माझा पट्टा. शॅकलची पिन पूर्ण आवळून मग थोडी सैल केली, नाहीतर ताण आल्यावर ती हाताने सुटत नाही. पट्ट्याच्या मधोमध भिजवलेलं पोतं टाकलं. पट्टा किंवा हुक तुटला तर ताणलेला तुकडा जीव घेईल इतक्या वेगाने येतो, पोतं त्याला खाली पाडतं. बांधावर दहा-बारा माणसं आणि शाळेला सुट्टी असलेली पोरं जमली होती. मामाने सगळ्यांना पार वरच्या मोहाच्या झाडापाशी पिटाळलं. पट्ट्याच्या रेषेत कुणी नाही, हे दोनदा बघितलं आणि मगच गाडीत बसले.

झटका द्यायचा नाही, असं काकांशी आधीच ठरवलं होतं. माझा पट्टा न ताणणारा आहे. झटका बसला तर सगळा भार हुकवर येतो. त्यांनी पट्टा ताठ होईपर्यंत ट्रॅक्टर मागे घेतला आणि थांबले. मी लोमध्ये रिव्हर्स टाकून क्लच हळूच सोडला. चिखलातून 'च्चक' असा आवाज आला आणि मागचं चाक कारवीवर चढलं. दोन मिनिटांत गाडी वाटेवर.

दोन तास मेहनत झाली ती खणण्याची आणि भरण्याची. ओढायला मिनिटंच लागली.

जागेवरच तपासलेलं: ब्रेक पाइप आणि चाकांजवळचे रबरी होज शाबूत. टाय रॉड (स्टिअरिंगबरोबर पुढची चाकं वळवणारा दांडा) सरळ. पेट्रोलची लाइन कोरडी. सायलेन्सरचं टोक चिखलाने बुजलेलं, ते मोकळं केलं (हे इंजिन चालू करण्याआधी करायला हवं होतं). चाकांचे नट आवळले. वाटेवर पाच-सहा वेळा ब्रेक दाबला. पहिल्या दोन वेळा पेडल लागलं पण गाडी थांबायला वेळ लागला, ड्रम ओले होते. डावा पाय ब्रेकवर हलका ठेवून शंभर पावलं गाडी चालवली, मग ब्रेक धरायला लागले. रस्त्यावर चढण्याआधी हब 'फ्री' आणि टू व्हील. टायरांत पायपंपाने हवा.

तेव्हा कुठे चहा झाला.

त्याच रात्री, खारेगाव

मुरबाड सोडल्यावर ५० च्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. वेग कमी केला की थांबायचं. रायत्याच्या पुलाआधी बाजूला घेऊन बघितलं तर डावीकडच्या दोन्ही रिमांच्या आतल्या बाजूला चिखलाचे गोळे चिकटलेले. स्क्रू ड्रायव्हरने खरवडले, थरथर जवळपास गेली. अशा वेळी अलाइनमेंट बिघडली समजून पैसे घालवणारे मी पाहिलेत. आधी रिमच्या आत हात फिरवून बघावा.

१३ जुलै, रविवार

सकाळी साडेसहाला सुरुवात, माणसं पाणी भरायच्या आत. सोसायटीच्या मागच्या नळाला साधा पाइप लावून धुतली. हायवेवर प्रेशरने धुणारे आहेत, मुद्दाम गेले नाही. तो फवारा ऑइल सीलच्या (आतलं ऑइल बाहेर येऊ न देणाऱ्या रबरी कड्याच्या) ओठावर बसला की चिखल बाहेर यायच्या ऐवजी आत जातो, आणि रेडिएटरची जाळी वाकते ती वेगळीच. रेडिएटरला इंजिनाच्या बाजूने पुढे असं हलकं पाणी सोडलं. काडीकचरा आणि भाताची पातं निघाली.

खाचराचा चिखल वाळला की सिमेंट. डाव्या बाजूने दीड घमेलं निघालं: चेसिसच्या पोकळीत, कमानीच्या (स्प्रिंगच्या) पाट्यांच्या मध्ये, पेट्रोलच्या टाकीच्या पत्र्यावर. उजव्या बाजूने जेमतेम ओंजळभर. हा फरक उपयोगी पडला. डावीकडे काही वेगळं दिसलं की उजवीकडे तेच जाऊन बघायचं. उजवी बाजू म्हणजे घरचं माप.

एअर फिल्टर कोरडा. फॅन बेल्ट ओला असताना किंचाळला, सुकल्यावर गप्प. सायलेन्सरच्या एका लटकत्या रबराला चीर. मागच्या डाव्या कमानीचे पाटे जागेवर, सेंटर बोल्ट शाबूत. (तो तुटला की ॲक्सल पाट्यावर सरकतो आणि गाडी तिरकी चालते. दोन्ही बाजूंनी पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर टेपने मोजलं, सारखं आलं.)

आणि एक गोष्ट. मागच्या हाऊसिंगच्या वर ब्रीदर असतो, आतली हवा आत-बाहेर जायची वाट, बोटाच्या पेराएवढी टोपी. ती बोटाने हलली पाहिजे. पुढची हलते. मागची हलत नाही. टॉर्च धरून बघितलं तर टोपीवर आणि तिच्या फटीत काळा थर, अंडरकोटचा. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजात गंज लागू नये म्हणून खालून अंडरकोट मारून घेतला होता. फवारताना टोपी झाकलीच नाही. मीही घरी आणल्यावर खाली वाकून बघितलं नाही.

या टोपीने रात्री झोप येऊ दिली नाही.

१४ जुलै, सोमवार

गाडी हलवली नाही. तशीच उभी राहू दिली, सपाटीवर. ऑफिसला कळव्याहून लोकलने.

१५ जुलै, मंगळवार

पहाटे पाचला पार्किंगमध्ये. चटई, टॉर्च, कापलेली पाण्याची बाटली, नट खोलायचे पाने.

मागच्या ॲक्सलचा आधी वरचा फिलर नट (ऑइल भरायचा) उघडायचा, मग खालचा ड्रेन नट (ऑइल सोडायचा). उलटं केलं आणि ऑइल सांडून गेल्यावर वरचा नट गंजून अडकलेला निघाला, तर भरणार कुठून? वरचा उघडला. मग खालचा अगदी थोडा सैल केला, थेंब येईल इतकाच.

पहिला थेंब स्वच्छ होता.

बाटली टॉर्चसमोर धरली. पाणी. ऑइलपेक्षा जड म्हणून दोन दिवसांत खाली बसलं होतं. थेंब थेंब करत अर्धी वाटी पाणी आलं. मग नट पूर्ण काढल्यावर ऑइल आलं, आणि ते दूध जास्त झालेल्या चहासारखं. गंधकाचा तो ओळखीचा वास होता, पण रंग पार गेलेला. खाचरातून घरापर्यंतच्या ७० किलोमीटरमध्ये आतल्या दातांनी पाणी आणि ऑइल घुसळून एक केलं होतं.

पाणी गेलं कसं, ते आता नीट उमगलंय. मी ठाण्याहून थेट खाली उतरले. इतका वेळ चालून हाऊसिंग तापलं होतं, आतली हवा फुगलेली होती. तापलेलं लोखंड थंड पाण्यात बसल्याबरोबर आतली हवा आकसली. ब्रीदर मोकळा असता तर बाहेरची हवा तिथून आत आली असती आणि गोष्ट संपली असती. टोपी बुजलेली, मग ॲक्सलने चाकाकडच्या ऑइल सीलमधून ओढून घेतलं, आणि डावीकडच्या सीलबाहेर तेव्हा खाचराचं पाणी होतं. अडीच तास. चहाला थांबले असते तरी हाऊसिंग बऱ्यापैकी निवलं असतं. पाण्यात किंवा चिखलात उतरण्याआधी अर्धा तास थांबणं, हे यापुढे माझ्या यादीत हब लॉक करण्याइतकंच वर राहील.

ड्रेन नटच्या चुंबकावर काळी मऊ लेई. बोटांत चोळून बघितली, कण लागले नाहीत. दातांचे तुकडे नाहीत, हे मोठं. पुढचा ॲक्सल आणि ट्रान्सफर केसही (इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) थोडं थोडं सोडून बघितलं, दोन्हीकडे ऑइल स्वच्छ.

मागे धुण्यापुरतं साधं ८०डब्ल्यू-९० भरलं, लेव्हलच्या भोकातून ओघळेपर्यंत. हे ठेवायचं नाहीये, आतून विसळायला आहे. जुनं ऑइल डब्यात भरून ठेवलंय; गटारात अजिबात नाही. आमचं गटार पुढे खाडीलाच मिळतं.

१९ जुलै, शनिवार. वागळे इस्टेट

सकाळी सहाला निघून घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत गेले आणि परत आले. त्या वेळीच रस्ता मोकळा मिळतो. ऑइल चांगलं तापलं की आतलं उरलंसुरलं पाणी त्यात मिसळून बाहेर येतं. आठला मेस्त्रींच्या गॅरेजात, गाडी तापलेली असतानाच ऑइल सोडलं. या वेळी मातकट, पण दुधाळ म्हणावं इतकं नाही.

मेस्त्रींना सगळं सांगितलं. त्यांनी सील बदलायला ॲक्सल शाफ्ट बाहेर काढला, सील हातात घेऊन ओठावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ताई, पाणी इथूनच शिरलं. पण याला दोष कशाला द्यायचा? गाडीला श्वास घ्यायला दुसरी जागाच ठेवली नव्हती." सील तरीही बदललं, एकदा माती गेलेला ओठ पुन्हा घट्ट बसत नाही.

ब्रीदरची टोपी काढून तिथे नळी बसवली. नळी चेसिसवरून वर नेऊन मागच्या दिव्याच्या पोकळीत, टोक खाली वळवून. आता ॲक्सल बुडला तरी श्वास वरून घेईल. पुढच्याला आणि ट्रान्सफर केसलाही तसंच करून घेतलं. तिन्ही नळ्या तोंडाने फुंकून बघितल्या, हवा जाते. सगळ्या दुरुस्तीत स्वस्त काम हेच होतं.

चाकं एकेक करून उचलली. चाक वर-खाली धरून हलवलं, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी. पुढचं डावं हललं. इथे बहुतेक जण लगेच बेअरिंग टाकायला सांगतात. मेस्त्रींनी मला आत बसून ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि पुन्हा हलवलं. ब्रेक दाबल्यावर चाकाबरोबर फिरणारी डिस्क आणि चाक धरणारं नकल एक होतात. बेअरिंगचा ढिलेपणा असता तर तो नाहीसा झाला असता. झाला नाही. म्हणजे खेळ किंगपिनचा, नकल ज्या खुंटीवर वळतं तिचा. ३ आणि ९ च्या जागी हलवल्यावर काही नाही, टाय रॉडचे एंड चांगले आहेत.

पुढच्या ॲक्सलच्या टोकाला गोल नकल असतं आणि त्याच्या मागच्या तोंडाला नमद्याची पट्टी आणि रबरी सील. डावीकडची पट्टी सोडवून माझ्या हातावर ठेवली. भिजलेल्या पापडासारखी झाली होती, पिळल्यावर खाचराचं तांबूस पाणी आलं. आतलं ग्रीस बाहेरच्या कडेला राखाडी, आत पिवळं. म्हणजे पाणी दारापर्यंत आलं होतं, घरात शिरलं नव्हतं. धुऊन, नवीन ग्रीस भरून, दोन्ही बाजूंना नवीन सील किट. डाव्या किंगपिनची बेअरिंगही बदलली. ती जुनीच झिजली होती, खाचराने फक्त दाखवून दिली.

मागचा डावा ड्रम उघडला तर आत चिखलाची भाकरी. ब्रेक शूच्या लायनरवर रेघा, ड्रमवर एक ओरखडा, नखाला लागेल न लागेल असा. घासून, धुऊन, व्हील सिलिंडरचं रबर उचलून बघितलं, कोरडं. उजवा ड्रमही उघडून सारखाच ॲडजस्ट केला, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला खेचते.

प्रोपेलर शाफ्टचे (ॲक्सलपर्यंत जोर नेणाऱ्या दांड्यांचे) क्रॉस, म्हणजे टोकांचे वळते सांधे. जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी बसवलेली असल्यामुळे शाफ्ट तीन आणि क्रॉस सहा. ग्रीस गन लावून चारही कडांनी जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारलं. पाच क्रॉसमधून काळं ग्रीस आलं. मागच्या शाफ्टच्या मागच्या क्रॉसमधून आधी पाणी आलं, मग तांबडी गंजाची लेई, मग ग्रीस. मेस्त्रींनी शाफ्ट फिरवून कानाजवळ नेला. आत्ता ठीक आहे म्हणाले, महिन्याने पुन्हा बघू.

मागच्या ॲक्सलला चांगलं ऑइल भरलं. संध्याकाळी पाचला घरी.

२४ जुलै, गुरुवार

दीप अमावस्या. घरातले दिवे घासून पुजले, कणकेचे दिवे झाले. खाली येऊन जिप्सीचा डावा हेडलाइटही उघडला, काचेत वाफ धरली होती. पुसून, सुकवून बसवला. सायलेन्सरचं चिरलेलं रबरही बदललं.

२७ जुलै, रविवार. मामाकडे

बांध घालून द्यायला गेले. गाडी वर डांबरी रस्त्यालाच ठेवली.

बांध दादाने आधीच लिंपला होता. पण बाकीच्या खाचरांत पाणी उभं आणि त्या एकाच खाचरात रोपांच्या मुळाशी चिखल दिसत होता. दोन रात्री पाऊस असूनही. मला वाटलं बांध गळतोय. मामाने मला हाताला धरून, रोपांच्या ओळी चुकवत, जिथे माझं मागचं चाक फिरलं होतं तिथे नेलं आणि पहार उभी सोडली. इतर ठिकाणी पोटरीएवढी जाते, तिथे गुडघ्याच्या वर गेली. टणक काही लागलंच नाही.

"सांगितलं व्हतं ना, तळ फुटंल म्हणून."

मी रेस केली ती फार तर अर्धा मिनिट. तेवढ्यात चाकाने मऊ चिखल उडवून खालचा घट्ट थर कातरला. जो थर गाडीला खाली जाऊ देत नव्हता, तोच मी फोडला. आता त्या परातीएवढ्या भोकातून अख्ख्या खाचराचं पाणी खाली जिरत होतं. मामा त्या दिवशी ओरडला ते गाडीसाठी नव्हतं, त्याच्या डोळ्यांसमोर भात होतं. मी त्याचे पाय धरले. "उठ, उठ," म्हणाला, "काम लय हाय."

दगड सगळे वेचून काढले. अडकल्या वेळी टाकलेले तिथेच राहिले होते, कारवीचे तुकडेही. भोकाभोवतीची रोपं उपटून बाजूला ठेवली. ओहोळाच्या काठची चिकण माती घमेल्यांनी आणली, अकरा घमेली. थोडी टाकायची, पायांनी मळायची, टाचेने ठोकायची, मग पुढचा थर. एकदम भरली तर वरून बसल्यासारखी वाटते आणि खाली पोकळ राहते. मामी, दादा, मी, तिघं एकमेकांच्या खांद्यांना धरून गोल फिरत मळत होतो. दुपारपर्यंत पहार पोटरीशी थांबायला लागली. वर वीतभर मऊ चिखल परत ओढला, रोपं लावली. मामाने खाचरात कारवीची एक काठी रोवली, तिच्यावर विळ्याने चार खुणा केलेल्या. पाणी कुठवर राहतं ते रोज बघणार.

परतताना रायत्याच्या पुढे पावसात दोनदा जोरात ब्रेक लावावा लागला. गाडी सरळ थांबली.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीसाठी दादा आला. जेवणाआधी आम्ही दोघं खाली पार्किंगमध्ये.

मागच्या ॲक्सलचा फिलर नट काढून करंगळी आत घातली. ऑइल मधासारखं, आरपार. ड्रेन नट थेंबापुरता सैल केला: पहिला थेंबही ऑइलचाच. चुंबकावर काही नाही.

ॲक्सलला पाट्यांशी बांधणारे यू-बोल्ट पुन्हा आवळून बघितले. चिखलातून निघालेल्या गाडीचे ते काहीशे किलोमीटरवर परत बघावे लागतात, कारण पाट्यांमधली माती झडली की तेवढी जागा मोकळी होते. मागच्या डाव्या बाजूचे दोन्ही पाव फेरा फिरले. उजवीकडचे जागचे हलले नाहीत. मागच्या शाफ्टचा तो क्रॉस हाताने फिरवला, एका जागी अडखळतो. महिना पुरा व्हायचीही वाट बघायची नाही. बदलायचा, मंगळवारी मेस्त्रींकडे.

दादाने फोन काढून सकाळी घेतलेला फोटो दाखवला. खाचरात कारवीची काठी, पाणी तिसऱ्या खुणेवर. काल संध्याकाळीही तिसऱ्याच खुणेवर होतं म्हणे, आणि रात्री पाऊस नव्हता.

मी विचारलं, "आणि मधली रोपं?"

"धरली. दोन मेली, आईने दुसरी लावली."

ओडोमीटरचा आकडा आणि आजची तारीख कागदावर लिहून बॉनेटच्या आत चिकटवली. मागच्या ॲक्सलचं ऑइल यापुढे १,००० किलोमीटरवर पुन्हा उघडून बघायचं.